लग्नपत्रिका कापून डीएनए: रचना आणि नक्कल हाताने समजून घ्यायची रीत

दहावीच्या वर्षी माझ्या भाचीने हेलिकेज, प्रायमेज, पॉलिमरेज, लायगेज ही विकरांची (एन्झाइम्सची) सगळी नावं पाढ्यासारखी पाठ केली होती. मी तिला एकच प्रश्न विचारला: डीएनएची नक्कल होताना एक नवी साखळी सलग तयार होते आणि दुसरी तुकड्या-तुकड्यांत, असं का? ती म्हणाली, "मामा, पुस्तकात तसंच दिलंय."

त्या रविवारी कपाटावरचा जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा खाली आला आणि दुपारपर्यंत उत्तर तिनेच शोधलं. पुढे दिलेली रीत त्या दुपारची आहे, नंतर आणखी काही मुलांबरोबर करून थोडी सुधारलेली. दोन-अडीच तास लागतात. कांद्यातून डीएनए काढायचा प्रयोग तुम्ही पाहिला असेल. मीठ, भांडी घासायचं द्रावण आणि थंड स्पिरिट वापरून पांढरा चिकट गोळा वर येतो. मजा येते, पण त्या गोळ्यात असंख्य धाग्यांचा गुंता असतो आणि सोबत आरएनए (डीएनएचाच नातलग रेणू) नि प्रथिनंही असतात. त्याच्याकडे कितीही वेळ बघितलं तरी रचना दिसत नाही. त्यासाठी कात्रीच हवी.

काय लागेल

जाड कागदाच्या लग्नपत्रिका, एका बाजूने कोऱ्या असलेल्या. नव्या साखळ्यांसाठी पिवळा कार्डपेपर आणि थोडा लाल. स्टेपलर, कात्री, पट्टी, पेन. रंगारी भिंतीला लावतात ती कागदी चिकटपट्टी, कारण ती ओढली की निघते. पारदर्शक टेप इथे नको. आणि हातभर सुतळी.

पायरी १: तुकडे कापा

पत्रिकेची कोरी बाजू वर ठेवा. प्रत्येक तुकडा अडीच सेंमी उंचीची आडवी पट्टी असेल. लांबी दोन प्रकारची: ए आणि जी या अक्षरांसाठी ८ सेंमी, टी आणि सी साठी ६ सेंमी. डावीकडचे २ सेंमी म्हणजे कणा. कण्याच्या वरच्या बाजूला अर्धा सेंमी टोकदार शेंडी सोडा, पट्टी कापतानाच. शेंडी वर ठेवून तुकडा हातात धरला की अक्षराची बाजू तुमच्या उजव्या हाताला आली पाहिजे. हे सगळ्या तुकड्यांना सारखं. एकाही तुकड्यात चूक नको, पुढचा सगळा खेळ याच्यावर आहे.

उजव्या टोकाला ए आणि टी वर दोन आडव्या रेघा काढा, जी आणि सी वर तीन. एकेक तुकडा म्हणजे एक न्यूक्लिओटाइड. कण्याच्या भागात डीऑक्सिरायबोज ही साखर आणि फॉस्फेट, बाकीच्या पट्टीत नायट्रोजनयुक्त बेस. ए म्हणजे अ‍ॅडेनीन आणि जी म्हणजे ग्वानिन, यांच्या रेणूत दोन कडी जोडलेली असतात म्हणून त्या पट्ट्या लांब. टी म्हणजे थायमिन आणि सी म्हणजे सायटोसिन यांच्यात एकच कडं, म्हणून आखूड.

शेंडीला शास्त्रात तीन-प्राइम टोक म्हणतात आणि बुडाला पाच-प्राइम. साखरेतल्या कार्बनच्या अणूंना क्रमांक दिलेले असतात, त्यावरून ही नावं पडली. फॉस्फेट पाचव्या कार्बनवर, म्हणजे बुडाशी. तिसऱ्या कार्बनवर एक मोकळा हायड्रॉक्सिल गट, तीच आपली शेंडी. या लेखात मी शेंडी आणि बूडच म्हणणार आहे.

पत्रिकांचे एकूण २४ तुकडे लागतील: ए ७, टी ७, जी ५, सी ५. पिवळ्या कार्डाचेही तेवढेच. लाल कार्डाचे फक्त चार: दोन ए आणि दोन सी.

पायरी २: पहिली साखळी

जमिनीवर खालून वर रचत जा: ए, टी, जी, जी, सी, ए, टी, टी, सी, जी, ए, टी. प्रत्येकाची शेंडी वरच्या तुकड्याच्या बुडाखाली सरकवायची आणि स्टेपल मारायची. हा जोड पक्का, रसायनशास्त्रातला सहसंयुज बंध. अक्षरं कुठल्याही क्रमाने आली तरी कणा तसाच राहतो, आणि माहिती साठते ती या क्रमात. आता साखळीला दिशाही आली: खाली बूड, वर शेंडी.

पायरी ३: दुसरी साखळी, आणि इथे घाई करू नका

समोर दुसरी साखळी लावायची. आधी मुद्दाम चुकीच्या जोड्या लावून बघा. ए समोर जी ठेवला तर पट्ट्या एकमेकींवर चढतात, टी समोर सी ठेवला तर मधे फट राहते. ए समोर सी रुंदीला बरोबर बसतो, पण रेघा दोनाच्या समोर तीन येतात. रुंदी आणि रेघा दोन्ही जुळणाऱ्या जोड्या दोनच उरतात, ए-टी आणि जी-सी. या रेघा म्हणजे हायड्रोजन बंध. एकेक बंध कमकुवत, म्हणून तिथे स्टेपलर नाही, कागदी चिकटपट्टी.

आता खरी गंमत. दुसऱ्या साखळीच्याही शेंड्या वर ठेवून जुळवायचा प्रयत्न करा. अक्षराची बाजू मधे यायला हवी, म्हणजे तुकडा पालथा करावा लागतो. पालथा केला की कोऱ्या बाजूऐवजी छापील बाजू वर येते. भाचीच्या हातात तेव्हा "श्री गजानन प्रसन्न" आणि नवरा-नवरीची नावं आली आणि ती थबकली. तुकडा पालथा न करता जुळवायचा तर एकच मार्ग उरतो: तो अर्धा फिरवून शेंडी खाली करायची. डावी साखळी वर जाते, उजवी खाली येते. पुस्तकात "दोन्ही साखळ्या विरुद्ध दिशांच्या असतात" असं एक वाक्य असतं आणि त्याखाली कुणी रेघ मारत नाही. या विषयात रेघ मारायची असेल तर ती इथे मारा.

वरून खाली सगळ्या जोड्या पूर्ण करा. एका साखळीवरून दुसरी ठरते, तेव्हा काय लावायचं हे विचारावं लागत नाही.

झाल्यावर मॉडेल तसंच जमिनीवर ठेवून अर्ध्या फेऱ्याने फिरवा, डोकं खाली. अक्षरं बदलली, पण कण्यांची ठेवण जशीच्या तशी. रोझालिंड फ्रँकलिन यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात डीएनएच्या धाग्यांवर क्ष-किरण टाकून जी मोजमापं घेतली होती, त्यांत हीच सममिती होती. ती पाहून दोन साखळ्या उलट्या दिशांनी धावत असणार हे केंब्रिजमध्ये फ्रान्सिस क्रिक यांनी ओळखलं. जोड्यांचं कोडं जेम्स वॉटसन यांनी फेब्रुवारी १९५३ मध्ये सोडवलं, तेही पुठ्ठ्याचे तुकडे कापून, कारण कार्यशाळेतून धातूचे तुकडे वेळेत आले नव्हते. त्याआधी ते सारख्याला सारखं जोडू पाहत होते. पाठ्यपुस्तकांत बेसचे आकार चुकीचे छापलेत हे जेरी डोनोह्यू यांनी सांगितल्यावर गाडी रुळावर आली. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये शोध छापून आला. १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि मॉरिस विल्किन्स यांना मिळालं. फ्रँकलिन १९५८ मध्येच, ३७ व्या वर्षी गेल्या होत्या.

एक मोजणी करा. फक्त डाव्या साखळीत ए ३ आणि टी ४, जी ३ आणि सी २. काही ताळमेळ नाही. दोन्ही साखळ्या मिळून मात्र ए ७, टी ७, जी ५, सी ५. एर्विन चारगाफ यांना १९५० च्या सुमाराला वेगवेगळ्या सजीवांच्या डीएनएत हाच नियम सापडला होता. माणसात ए आणि टी प्रत्येकी साधारण ३० टक्के, जी आणि सी प्रत्येकी २०. तो का लागू पडतो हे त्यांना तेव्हा उलगडलं नव्हतं. तुमच्यासमोर ते जमिनीवर पडलेलं आहे.

पायरी ४: पीळ

जाड कागदाला पीळ बसत नाही, म्हणून मॉडेल सपाटच राहू द्या. पीळ सुतळीवर बघा. खऱ्या डीएनएत साधारण साडेदहा जोड्यांना एक फेरा पूर्ण होतो, म्हणजे आपल्या बारा जोड्यांत एक फेरा आणि वर थोडं. पीळ उजवा असतो, नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखा: समोरून पाहिलं तर आटा डावीकडून उजवीकडे वर चढतो. जाहिराती, बोधचिन्हं, शाळेच्या भिंतीवरची चित्रं यांत कितीतरी वेळा तो डावा काढलेला असतो. एकदा कळलं की मग दिसतच राहतं.

सुतळीचं एक टोक मित्राला घट्ट धरायला सांगा आणि दुसऱ्या टोकाकडून पेड वेगळे करत जा. थोड्या अंतरावर उरलेली सुतळी इतकी पिळली जाते की तिच्या गाठी पडतात. पेशीतही हेच होतं. तिथे टोपोआयसोमरेज नावाची विकरं पुढे जाऊन धागा कापतात, पीळ सोडवतात आणि पुन्हा सांधतात. जीवाणूंमधल्या अशा एका विकराचं नाव गायरेज. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी त्याच गायरेजला अडवते. मग कापलेला धागा पुन्हा सांधला जात नाही, डीएनए तुटका राहतो आणि जीवाणू मरतो.

पायरी ५: नक्कल, नियम एकच

आता पिवळे आणि लाल तुकडे घ्या. पॉलिमरेज हे विकर अक्षरं जोडतं, पण त्याचा एक हट्ट आहे: नवा तुकडा नेहमी आधीच्या तुकड्याच्या शेंडीलाच लागेल, बुडाला कधीच नाही. दुसरा हट्ट, कोऱ्या जागेवर ते सुरुवात करत नाही, आधीची शेंडी लागतेच. म्हणून प्रायमेज हे विकर अगोदर आरएनएचा छोटा तुकडा बसवतं, साधारण दहा अक्षरांचा. आपल्या मॉडेलमध्ये त्याऐवजी एक लाल तुकडा. आरएनएत टीच्या जागी यू असतो, पण आपल्या चार लाल तुकड्यांत ती वेळ येत नाही.

वरच्या चार जोड्यांची चिकटपट्टी काढा आणि दोन्ही साखळ्या बाजूला सारा. हे हेलिकेजचं काम. कणे सुटले नाहीत, फक्त मधले जोड सुटले. पक्का जोड कुठे आणि कच्चा कुठे हे एवढ्यासाठीच ठरलेलं होतं.

डावीकडच्या जुन्या साखळीवर सर्वांत वर लाल ए ठेवा. नव्या साखळीची दिशा जुनीच्या उलट, म्हणजे शेंडी खाली. त्याच्या शेंडीला पिवळा, त्याच्या शेंडीला पुढचा, असं खाली या. फाटा, म्हणजे दोन जुन्या साखळ्या जिथे वेगळ्या होतात ती जागा, खालीच उघडत जाणार आहे, त्यामुळे ही साखळी त्याच्या मागोमाग सलग वाढत राहते.

उजवीकडे वळा. इथे नव्या साखळीच्या शेंड्या वर. वरून सुरुवात करून खाली यायचं तर बुडाला जोडावं लागेल, ते चालत नाही. मग करायचं काय? वरून चौथ्या ओळीपाशी, फाट्याजवळ, लाल सी ठेवा आणि तिथून वर चढत जा: तिसरी, दुसरी, पहिली ओळ. संपलं. आता पुढच्या चार जोड्या उघडा. डावी साखळी निवांत खाली वाढते. उजवीकडे पुन्हा आठव्या ओळीवर लाल सी, आणि वर चढत आधीच्या लाल तुकड्यापर्यंत. मग बाराव्या ओळीवर लाल ए आणि परत तेच.

भाची इथेच उठून उभी राहिली. "म्हणजे ही उलटी चालतेय, म्हणून तुकडे!"

या तुकड्यांना ओकाझाकी तुकडे म्हणतात. जपानमधल्या नागोया विद्यापीठात रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने १९६० च्या दशकात ते शोधले. जीवाणूंत एकेक तुकडा हजार ते दोन हजार अक्षरांचा असतो, आपल्या पेशींत शंभर-दोनशेचा. रेइजी हिरोशिमात जन्मलेले. १९७५ मध्ये ते रक्ताच्या कर्करोगाने गेले, पुढचं काम त्सुनेको यांनी चालू ठेवलं.

मुलं हमखास विचारतात: पॉलिमरेजला बुडाला जोडायला काय होतंय? त्यासाठी स्टेपलरची पिन आठवा. खरा सुटा तुकडा येतो तेव्हा त्याच्या बुडाशी एक नाही, तीन फॉस्फेट असतात. जोडताना दोन गळून पडतात आणि त्यातून मिळणारी ऊर्जा जोडासाठी लागते. म्हणजे प्रत्येक नवा तुकडा आपली पिन घेऊनच येतो. चुकीचं अक्षर बसलं तर पॉलिमरेज मागे सरून ते उपटतं, आणि त्या जागी येणारा नवा तुकडा स्वतःची पिन घेऊन येतो. साखळी उलट दिशेने वाढली असती तर पिन साखळीच्या टोकावर असती. चुकीचं अक्षर उपटलं की पिनही गेली, आणि साखळी तिथेच अडली असती. तुकड्यांचा हा सगळा उपद्व्याप चूक सुधारता यावी म्हणून आहे, असं मानतात. मला तरी हा अख्ख्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो आणि परीक्षेत तो कधी विचारत नाहीत.

एका पिवळ्या जी तुकड्याची शेंडी कापून तो साखळीत लावून बघा. पुढे काहीच जोडता येत नाही. नागीण झाली की डॉक्टर असायक्लोव्हिर देतात. ते जी अक्षराच्या तुकड्यासारखं दिसतं, पण त्याला शेंडी नाही. विषाणूचं पॉलिमरेज फसून ते लावतं आणि तिथे विषाणूची नक्कल थांबते. बघून झालं की तो तुकडा बाजूला टाका आणि बदली जी कापून घ्या.

पायरी ६: लाल तुकडे काढा, सांधे भरा

चौथ्या ओळीवरचा लाल सी काढा. रिकाम्या जागेच्या खाली, पाचव्या ओळीवर पिवळ्या तुकड्याची शेंडी आहे, तिलाच पिवळा सी जोडा. आता त्याच्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधे फक्त स्टेपल मारायची राहिली. ते लायगेजचं काम. आठव्या ओळीवरही असंच.

आपलं मॉडेल जवळजवळ प्रमाणात आहे. खऱ्या डीएनएची रुंदी सुमारे २ नॅनोमीटर आणि दोन जोड्यांतलं अंतर ०.३४ नॅनोमीटर, आपली रुंदी १४ सेंमी, उंची अडीच. तेव्हा आता मोठा हिशेब मांडता येतो. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूचा डीएनए ४६ लाख जोड्यांचा. या प्रमाणात तो ११५ किलोमीटर लांब होईल, म्हणजे पुण्याहून निघून साताऱ्याच्या आसपास. त्याचं पॉलिमरेज सेकंदाला सुमारे हजार अक्षरं जोडतं, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. दोन फाटे विरुद्ध दिशांनी निघतात, म्हणून सगळं काम चाळीस मिनिटांत. मग भरपूर खाणं मिळालं की हा जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट कसा होतो? पहिली नक्कल संपायच्या आतच तो पुढची सुरू करतो.

चुकांचा हिशेबही रस्त्यावरच करू. पॉलिमरेज पहिल्या प्रयत्नात लाखात साधारण एक अक्षर चुकवतं, म्हणजे दर अडीच किलोमीटरला एक चूक. लगेच मागे सरून तपासल्यावर कोटीत एक, दर अडीचशे किलोमीटरला. त्यामागून दुरुस्ती करणारी वेगळी विकरं येतात आणि चूक अब्जात एक किंवा त्याहूनही कमी उरते: पंचवीस हजार किलोमीटरला एक. माणसाच्या जीनोमची, म्हणजे पूर्ण डीएनए संचाची एक प्रत, ३.२ अब्ज जोड्यांची, याच प्रमाणात पृथ्वीला दोन फेरे घालेल. आपलं पॉलिमरेज सेकंदाला पन्नासच्या आसपास अक्षरं जोडतं. सर्वांत मोठ्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी जोड्या आहेत. एकाच जागेवरून दोन्हीकडे सुरुवात केली तर महिना लागेल. म्हणून आपल्या पेशीत नक्कल हजारो जागी सुरू होते आणि आठेक तासांत आटपते.

पायरी ७: रंग बघा

समोर दोन दुहेरी साखळ्या आहेत. प्रत्येकीत एक बाजू लग्नपत्रिकेची, एक पिवळी. जुनी दुहेरी साखळी अख्खी एका बाजूला आणि नवी दुसऱ्या बाजूला, असं झालेलं नाही. मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी १९५८ मध्ये हेच वजनावरून दाखवलं. ई. कोलायच्या कित्येक पिढ्या त्यांनी जड नायट्रोजनवर, म्हणजे नायट्रोजन-१५ वर वाढवल्या आणि मग साध्या नायट्रोजन-१४ वर आणून सोडल्या. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए वेगाने फिरवला की तो आपल्या घनतेच्या पातळीवर पट्टा करून थांबतो. एका पिढीनंतर जड आणि हलक्याच्या मधोमध एकच पट्टा दिसला, म्हणजे जुनं अख्खं आणि नवं अख्खं ही शक्यता बाद. दुसऱ्या पिढीत दोन पट्टे दिसले, एक मधला आणि एक हलका. सगळं भेसळून वाटलं जात असतं तर तेव्हाही एकच पट्टा दिसला असता.

हातात उरलेले दोन ए

आता पिवळे तुकडे मोजा. २४ कापले होते, दोन उरलेत आणि दोन्ही ए. कुठे चुकलं म्हणून मुलं पुन्हा मोजतात. काही चुकलेलं नाही. डावीकडे पहिल्या ओळीवर आणि उजवीकडे बाराव्या ओळीवर अजून लाल ए आहेत. ते काढले की जागा मोकळी राहते, आणि ती भरायला शेजारी कुणाची शेंडीच नाही. पॉलिमरेजचा हट्ट तुम्हाला माहीत आहे.

ई. कोलायला ही अडचण येत नाही, त्याचा डीएनए गोल आहे, टोकच नाही. आपली गुणसूत्रं सरळ, म्हणून दर नकलेला टोकाकडून थोडी झीज होते. तिथे टीटीएजीजीजी हे सहा अक्षरांचं पालुपद हजारो वेळा लिहिलेलं असतं, त्याला टेलोमिअर म्हणतात. झिजतं ते पालुपद, कामाचा मजकूर वाचतो. टेलोमरेज नावाचं विकर हे पालुपद पुन्हा वाढवतं. ते एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांना टेट्राहायमेना या डबक्यातल्या एकपेशीय जीवात सापडलं. २००९ चं नोबेल त्या दोघींना आणि जॅक शोस्टॅक यांना मिळालं. शरीराच्या बहुतेक पेशींत हे विकर जवळपास नसतंच. ज्यांच्यातून अंडं आणि शुक्राणू बनतात त्या पेशींत ते असतं, आणि बहुतेक कर्करोगाच्या पेशीही ते पुन्हा सुरू करून घेतात.

वेळ असेल तर डावीकडची अकरा अक्षरांची पिवळी साखळी वेगळी काढा आणि याच नियमाने तिची नक्कल करा. बाराव्या ओळीवर परत लाल तुकडा लागेल आणि तो काढल्यावर नव्या साखळीत दहाच अक्षरं उरतील.